हजाराची पेन्शन, आड दिवसाची गोळी

रेशनचा गहू-तांदूळ जानेवारी २०२३ पासून फुकट झाला. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी पाच किलो, अंत्योदयच्या कार्डावर घराला पस्तीस किलो. सोलापूरला या धान्याचा आधार आहेच, पण सोलापूरचं पोट ज्वारीचं. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या घरांतसुद्धा भाताबरोबर भाकरी लागते. रेशनवर एखाद्या महिन्यात ज्वारी आली तर आली, नाहीतर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून विकत. मंगळवेढ्याची मालदांडी तर आता पाहुण्यांपुरतीच. म्हणून सोलापूरजवळच्या कुंभारीच्या घरकुलातल्या एका घरी हिशोबाची वही उघडली, तेव्हा धान्य फुकट मिळणाऱ्या त्या घरात महिन्याची पहिली ओळ ज्वारीचीच होती. खाली तेल, लाइट बिल, गॅस, बचतगटाचा हप्ता. आणि मध्येच, मग पुन्हा मध्येच, मग पार तळाला : 'मेडिकल ४०', 'मेडिकल ६५', 'मेडिकल ४०'.

वही सुनेची. मुलाच्या गेल्या इयत्तेच्या गणिताच्या वहीत जी पानं कोरी राहिली, त्यांवर हा हिशोब चालतो. मेडिकलची बेरीज तिने कधी केलेली नव्हती. ज्वारीला किती लागले ते ती झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. औषधाला महिन्याला किती लागतात, याला मात्र तिचं उत्तर होतं, ''लागतील तसे.'' तिथेच बसून बेरीज केली, तर ती ज्वारीच्या पुढे गेली. सासूबाई हसल्या. सून हसली नाही.

सासूबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणते. वय सदुसष्ट. लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून मांडीवर सूप. तेंदूची पानं रात्री भिजवायची, सकाळी पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची, जर्दा भरून विड्या वळायच्या, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा आणि दुपारी विडी कंपनीच्या ब्रँचला माल द्यायचा. ब्रँचवर विड्या तपासताना ज्या बाजूला काढल्या जातात, त्यांची मजुरी नाही. कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाची ही विडी कामगारांची वसाहत. दहा हजार घरं, २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्ते चाव्या मिळाल्या. त्यामुळे अक्कांच्या घरखर्चात भाडं नाही, आणि सोलापुरातल्या याच उत्पन्नाच्या बाकी घरांपेक्षा त्या बऱ्या आहेत ते एवढ्याच कारणाने. नवरा चादरीच्या कारखान्यात होता. यंत्रमागावर चाळीस वर्षं गेली, पण त्यांचा पीएफ कापला गेला नाही, तेव्हा पेन्शनचा प्रश्नच नाही. मुलगाही मागावरच. बाजारात टॉवेलला उठाव नसला की आठवड्यातले दोन-तीन दिवस माग बंद. सून विड्या वळते.

या घरात कामाच्या कमाईतून दर महिन्याला ठरलेली येणारी रक्कम एकच, अक्कांची पेन्शन. एक हजार रुपये.

हे हजार आले कुठून, ते जरा नीट पाहण्यासारखं आहे. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाया कामगार आहेत की नाहीत, यावरच पूर्वी मालकांची हरकत होती. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा विडी उद्योगाला १९७७ साली लागू झाला. घरी वळणारेही कामगारच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सांगितलं. मग १६ नोव्हेंबर १९९५ ला कर्मचारी पेन्शन योजना आली. सगळीकडे तिला ईपीएस-९५ म्हणतात. मालकाच्या वाट्यातले पगाराच्या ८.३३ टक्के तिच्यात जातात, केंद्र सरकार १.१६ टक्के घालतं. पेन्शन काढायचं सूत्र सोपं आहे : पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. समजा विडीच्या मजुरीची सरासरी साडेतीन हजार आली आणि १९९५ नंतरची नोकरी अठरा वर्षांची धरली, तर उत्तर येतं नऊशे. गिरणीत किंवा साखर कारखान्यात साडेसहा हजारांच्या मर्यादेवर वीस वर्षं भरली, तरी सूत्र १,८५७ च्या आसपासच थांबतं. नऊशेचे हजार झाले ते १ सप्टेंबर २०१४ पासून, किमान पेन्शन हजार ठरली म्हणून. त्याच्या आदल्या वर्षी भगतसिंह कोश्यारी अध्यक्ष असलेल्या राज्यसभेच्या समितीने किमान तीन हजारांची शिफारस केली होती. सरकारी पेन्शनरला महागाई भत्ता असतो. ईपीएसवाल्याला नाही. २०१४ साली ठरलेले हजार हे हजारच राहिले.

औषधाच्या गोळीचं तसं नाही. तिला महागाई निर्देशांक आहे.

अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतल्या औषधांच्या कमाल किमती सरकार ठरवतं, आणि २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशानुसार दर एप्रिलला घाऊक किंमत निर्देशांकाच्या हिशोबाने त्या वाढवायची मुभा कंपन्यांना मिळते. एप्रिल २०२२ मध्ये ही मुभा १०.७६ टक्क्यांची होती, एप्रिल २०२३ मध्ये १२.१२ टक्क्यांची. दोन वर्षांची मिळून जवळपास चोवीस टक्के. एप्रिल २०२४ मध्ये वाढ नावालाच होती, २०२५ मध्ये पावणेदोन टक्क्यांच्या आत. यादीबाहेरच्या औषधांना निर्देशांकाचीही गरज नाही. त्यांची किंमत कंपनी वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. अक्कांना शुगरची जी गोळी लिहून दिली आहे ती दोन औषधं एकत्र केलेली जोडगोळी. दोन्ही औषधं सुटी घेतली तर यादीत सापडतात, पण अशा बऱ्याच जोडगोळ्या यादीबाहेर राहतात. रुग्णाला दोन गोळ्यांऐवजी एक घ्यावी लागते, ही सोय खरीच आहे. ती कोणाला कितीला पडते, हे लिहून देणाऱ्याच्या लक्षात असतंच असं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, म्हणजे शंभराच्या खरेदीत सहा रुपये वाचले. अक्कांच्या मेडिकलवाल्याने ते स्वतःहून सांगितले, हे त्याच्याबद्दल चांगलंच म्हणायला हवं.

अक्का बीपीची गोळी आड दिवस घेतात. डॉक्टरांनी रोज सांगितली आहे. ''रोज खाल्ली तर पट्टी दहा दिवसांत संपते,'' त्या म्हणाल्या, ''आड दिवस खाल्ली तर वीस दिवस जाते. तुम्हीच सांगा की, काय चुकलं?'' डोकं दुखायला लागलं की त्या सलग तीन दिवस घेतात, बरं वाटलं की पुन्हा आड दिवस. शुगरची गोळी उपासाच्या दिवशी बंद. ती मात्र काटकसर नव्हे, भीती. एकदा उपाशीपोटी घेतली आणि मोरीत चक्कर येऊन पडल्या. पट्टी पूर्ण घ्यायची ऐपत एकदम नसते, म्हणून मेडिकलवाला कात्रीने चार गोळ्या कापून देतो. वहीतले चाळीस-चाळीस रुपये ते हेच. कापताना पट्टीच्या कडेला छापलेली मुदतीची तारीख कुठल्या तुकड्यात गेली, हे कोणी पाहत नाही.

ताप-खोकल्याला गल्लीतला डॉक्टर आहे. एक सुई, कागदाच्या पुडीत तीन दिवसांच्या गोळ्या, रोख पैसे. पुडीवर नाव नसतं, त्यामुळे काय घेतलं ते पुढच्या डॉक्टरला सांगता येत नाही. तरी लोक तिथेच जातात, आणि त्यांना नावं ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही. सिव्हिलला जायचं म्हणजे शेअर रिक्षाचं येण्या-जाण्याचं भाडं, केसपेपरची रांग, तपासणीची रांग, औषधाच्या खिडकीची रांग, आणि 'हे आत नाही, बाहेरून आणा' म्हणून हातात पडणारी चिठ्ठी. यात सुनेचा दिवस जातो. दिवस गेला म्हणजे तेवढ्या विड्या वळायच्या राहिल्या. गल्लीतला डॉक्टर अर्ध्या तासात मोकळं करतो.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यातली सरकारी रुग्णालयं मोफत झाली, ही बातमी अक्कांच्या घरी पोचली होती. मात्र तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांचा. सोलापूरचं सिव्हिल वैद्यकीय महाविद्यालयाचं, म्हणजे दुसऱ्या खात्याचं. महापालिकेचे दवाखाने तिसऱ्या दारचे. एकाच शहरात एकाच दुखण्याचे तीन नियम लागू होतात, आणि ते लक्षात ठेवायचं काम आजारी माणसाचं.

आता या घरातल्या मोठ्या आजारपणाबद्दल. ते सगळं इतकं नीट पार पडलं की अक्का आजही त्याची गोष्ट कौतुकाने सांगतात. नवऱ्याच्या छातीत रात्री कळ आली, शेजारच्या पोराने रिक्षा काढली, दवाखान्यात आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशन कार्ड आणि आधार ठेवलं, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी झाली. घरचा एक रुपया लागला नाही. ही योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिचं नाव बदललं. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं, ते आता पाच लाख आहे, आणि पांढऱ्या कार्डवाल्यांनाही ती खुली झाली आहे. बायपास, डायलिसिस, कॅन्सरच्या केमोथेरपीसाठी घरं आणि दागिने विकले जात होते, ते या योजनेने बऱ्याच अंशी थांबवलं. तिच्या त्रुटींवर लिहिणाऱ्यांनी आधी हे लिहायला हवं.

पण योजना चालते ती माणूस दवाखान्यात भरती असेपर्यंत आणि घरी सोडल्यावर दहा दिवस. काही उपचारांच्या पाठपुराव्याची वेगळी सोय आहे, तीही ठरावीक काळाची. नवऱ्याला लागलेल्या गोळ्या, एक रक्त पातळ ठेवायची, एक कोलेस्टेरॉलची, एक ठोक्यांची, या जन्मभराच्या. त्या वहीतल्या 'मेडिकल'मध्ये आल्या. भरतीच्या काळातही घराचे पैसे गेलेच. ते दवाखान्याच्या बिलात दिसत नाहीत इतकंच. मुलगा आठवडाभर मागावर गेला नाही. सून दवाखान्यात बसून राहिली, तिच्या विड्या बुडाल्या. रिक्षा, चहा, नातेवाइकांचं येणंजाणं. त्यासाठी सुनेचं मंगळसूत्राशेजारचं डोरलं गहाण पडलं, आणि त्याचं व्याज थकलं म्हणून बचतगटातून कर्ज निघालं. पाच लाखांच्या योजनेत बसलेल्या आजारपणाचा बचतगटातला हप्ता हे घर अजून भरतं आहे.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट मोठी आहे, ती नाकारण्याचं कारण नाही. पण अक्कांच्या गल्लीत खिसा रिकामा होतो तो भरती नसताना, गोळी-गोळीने. पाच लाखांचा आकडा भाषणात उठून दिसतो. चाळीस रुपयांच्या पट्टीच्या तुकड्यावर भाषण होत नाही.

जन औषधी केंद्र का नाही, हा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेल. २००८ पासून ही दुकानं आहेत आणि तिथे बीपी-शुगरची साधी औषधं बाजारातल्या ब्रँडच्या निम्म्याहून कितीतरी कमी किमतीत मिळतात. मुलाने एकदा तिथून आईच्या गोळ्या आणल्या. रंग वेगळा, आकार वेगळा, पट्टीवरचं नाव वेगळं. अक्कांना वाटलं दुकानदाराने चुकीचं दिलं. गल्लीतल्या डॉक्टरला दाखवल्या, तर तो ''यात पावर कमी असते'' म्हणाला. विषय संपला. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव, दुकानात औषधाचं मूळ नाव, आणि मध्ये सातवी शिकलेला मुलगा. शिवाय केंद्र शहरात. रिक्षाचं भाडं धरलं तर दहा गोळ्यांत वाचलेले पैसे वाटेतच संपतात. एकदम दोन महिन्यांच्या आणल्या तर परवडेल, पण दोन महिन्यांचे पैसे एका दिवशी हातात असणारी माणसं आड दिवस गोळी खात नाहीत.

योजनांच्या वयांचा आणि उत्पन्नाच्या अटींचा तर वेगळाच खेळ आहे. 'लाडकी बहीण'चे दीड हजार २१ ते ६५ वर्षांच्या बाईला. सुनेला मिळतात, सदुसष्टच्या अक्कांना नाहीत. म्हणजे उभा जन्म विड्या वळून अक्कांना जेवढं मिळतं, त्याच्या दीडपट सुनेला नुसत्या अर्जावर. अक्कांची यावर तक्रार नाही. तेच पैसे घरात येतात, त्या म्हणतात. श्रावणबाळ योजनेचे दीड हजार पासष्टच्या पुढे मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं, आणि मुलाची मजुरी धरली की ते कधीच ओलांडलं जातं. सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, पाच लाखांचं आयुष्मान वय वंदना कार्ड २०२४ च्या ऑक्टोबरपासून मिळतं. नवऱ्याचं वय बाहत्तर, कार्ड निघू शकतं. अक्कांना अजून तीन वर्षं थांबायचं आहे. तेही पुन्हा भरतीसाठीच. एसटीत पंचाहत्तरीनंतर प्रवास फुकट, त्याआधी पासष्टपासून अर्धं तिकीट. कुंभारीहून सिव्हिलला मात्र एसटीने कोणी जात नाही.

काही हक्क असे आहेत की ते कोणाला माहीतच नाहीत. ज्यांचा ईएसआय कापला जात होता, अशा कामगाराने पाच वर्षं विम्यात काढून वयोमानाने निवृत्ती घेतली असेल, तर वर्षाला १२० रुपये भरून त्याला आणि त्याच्या जोडीदाराला ईएसआयचे उपचार पुढेही मिळतात, आणि त्यात रोजची औषधंही येतात. महिन्याला दहा रुपये. गिरणीतून, कारखान्यातून निवृत्त झालेल्या कितीतरी घरांना ही गोष्ट उपयोगी पडेल. कारखाना सोडताना ती सांगायची जबाबदारी कोणावर आहे, ते मला अजून कळलेलं नाही. धर्मादाय रुग्णालयांचंही तसंच. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली त्यांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, बिलांच्या रकमेच्या दोन टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकायचे असतात. फलक लावलेला असतो. तो पाहून विचारणारा माणूस पाहिजे, आणि 'खाट शिल्लक नाही' म्हटल्यावर धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय गाठणारा पाहिजे. विडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्याने विडीवर उपकर लावून कल्याण निधी उभा राहिला होता. त्यातून दवाखाने चालत, मुलांना शिष्यवृत्त्या मिळत. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तो उपकर गेला.

आणि हे हजार रुपये चालू ठेवायलाही दरवर्षी मेहनत आहे. हयातीचा दाखला द्यावा लागतो. अंगठा यंत्रावर ठेवायचा, आधारशी जुळला की माणूस जिवंत. चाळीस वर्षं पानं दुमडून आणि दोरा ओढून अक्कांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. रेशनच्या मशीनवरही हाच त्रास. अंगठा नाही, तर तर्जनी, तर मधलं बोट, तर बोट डोक्यावरच्या केसांत घासून पुन्हा. एका वर्षी दाखला अडकला आणि पेन्शन काही महिने थांबली. मग चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय आली आणि तो प्रश्न सुटला. नावाचा मात्र सुटायचा आहे : पीएफच्या नोंदीत माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं, बँकेत एक अक्षर तिसरंच. तेलुगू नावं मराठी कारकुनांनी ऐकून इंग्रजीत लिहिली, त्याचा हा परिणाम गल्लीतल्या निम्म्या बाया भोगतात.

बुलढाण्यात ईपीएस-९५ च्या पेन्शनरांनी डिसेंबर २०१८ मध्ये साखळी उपोषण सुरू केलं आणि ते वर्षानुवर्षं चालवलं. मागणी साडेसात हजार किमान पेन्शनची, त्यावर महागाई भत्त्याची, आणि नवरा-बायकोला मोफत उपचारांची. पहिल्या दोन मागण्यांना पैसा किती लागेल यावर दिल्लीत खल चालू राहील. तिसरीतला मोठा भाग, म्हणजे रोजच्या गोळीचा, त्या मानाने अगदी स्वस्त आहे, आणि तो कसा द्यायचा हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. देशातला उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, तेव्हा पहिल्या टप्प्यात राज्यातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे चार जिल्हे होते. तिथली पद्धत अशी : ठरलेली साधी औषधं, सुटी, ब्रँडच्या भानगडीशिवाय, रुग्णाचं कार्ड, घराजवळच्या आरोग्य केंद्रावर एकदम तीस दिवसांच्या गोळ्या, रुग्ण आला नाही तर फोन.

यातली तीस दिवसांची अट सगळ्यात महत्त्वाची, हे मला अक्कांच्या सुनेने समजावून दिलं. सरकारी दवाखान्यात गोळी फुकट मिळते, हे तिला माहीत आहे. पण साठा कमी म्हणून कधी दहा दिवसांच्या देतात, कधी पाचच्या. अक्कांना एकटीला रांगेत सोडता येत नाही. प्रत्येक खेपेला सुनेचा अर्धा दिवस आणि रिक्षाचं भाडं जातं. महिन्याला तीन खेपा. तिने हिशोब मांडला : फुकटची गोळी मेडिकलच्या गोळीपेक्षा महाग पडते. तीस दिवसांच्या एकदम दिल्या तर एकच खेप, आणि मग ती स्वस्त.

''मग आई रोज खातील,'' ती म्हणाली. अक्का म्हणाल्या, ''बघू.''